आत्याबाईंचा रुसवा

घमेली ठोकणारी प्रेस पुन्हा थांबली, आणि नेहमीप्रमाणे मोतीरामच्या कानांना ते आधी कळलं, मनाला नंतर. दिवसभर ठोके ऐकत वावरणाऱ्या माणसाला आवाजानं काही होत नाही, शांततेचा मात्र धक्का बसतो. बाहेर इचोड्याकडे निघालेल्या ट्रकनं गिअर बदलला, तो ऐकू आला. शेडच्या पत्र्यावर चिमण्या भांडत होत्या, त्यांचंही भांडण अगदी शब्दनशब्द कळावं इतकं स्पष्ट झालं. मग त्यानं मान वळवली. प्रेसचा वरचा ठोकळा वरच्या वर लटकून राहिला होता, आणि उजव्या खांबावर बसवलेल्या रेडिओएवढ्या राखाडी पेटीवर लाल दिवा लागला होता. "रुसल्या! आत्याबाई रुसल्या!" रामाजी दोन्ही हात वर करून ओरडला, आणि शेडमधली सगळी माणसं हसली. हे नाव रामाजीनंच ठेवलं होतं. लग्नात नवरदेवाची आत्या जशी पानात लाडू कमी पडला म्हणून रुसते, मग पाय धुवायला पाणी गार दिलं म्हणून रुसते, मग कुणी विचारलंच नाही म्हणून रुसते, तशी ही पेटी. सकाळपासून एक घमेलं नीट निघू देत नव्हती. पत्रा ठेवला, ठोका पडला, की लाल. मोतीरामही हसला. हसताना त्याला काळजीही वाटत होती, पण हसणं थांबवावं इतकी ती मोठी नव्हती. त्याचं हे असंच होतं. काळजी आणि हसू त्याच्याकडे एकाच वेळी पाहुणे येत, आणि तो दोघांनाही बसायला पाट देई.

चंपतराव कॅबिनमधून बाहेर आले. कारखाना त्यांचा. वडिलांच्या कापसाच्या शेतातला रस्त्यालगतचा तुकडा त्यांनी घेतला, गुडीहत्नूरच्या अलीकडे शेड उभी केली आणि घमेली काढायला लागले, तेव्हा सगळ्या भाऊबंदांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आता तेच भाऊबंद घमेली उधार न्यायला येत. "काऊन थांबली पुन्हा?" त्यांनी विचारलं. "पेटीनं थांबवली," मोतीराम म्हणाला. "काऊन थांबवली?" "जोर जास्त झाला म्हणते." "अन् झाला का जास्त?" ठोका तर रोजचाच होता. चंपतरावांनी पेटीकडे, मग रामाजीकडे, मग शेडच्या छताकडे पाहिलं. "मोतीराम, तू म्हनला म्हून मी हे आनलं. आता आइक. संध्याकाळपर्यंत ठिकाण्यावर आली तर ठीक. नाई तर किल्ली डावीकडे, अन् पेटी हैदराबादच्या ट्रकात." पेटीला एक किल्ली होती. उजवीकडे फिरवली की पेटी जागी, डावीकडे फिरवली की झोपलेली, आणि प्रेस मग पहिल्यासारखी कुणालाही न विचारता चालणारी. ती किल्ली मोतीरामच्या खिशात असे. चंपतराव गेल्यावर त्यानं ती खिशातल्या खिशात चाचपली. एवढीशी किल्ली, पण बोटांना ती फार जड लागली.

पेटी जाईल याचं त्याला दुःख नव्हतं. दुःख पंचफुलाला दिलेल्या शब्दाचं होतं. मागच्या वर्षी याच प्रेसखाली डाय फुटली. डाय म्हणजे खालचा पोलादी साचा, ज्याच्यात पत्रा बसून घमेल्याचा आकार घेतो. सकाळपासून ठोक्याचा आवाज बदलला होता, सगळे एकमेकांना "आवाज बदलला, आवाज बदलला" असं सांगत होते आणि सगळेच काम करत होते. दुपारी साच्याचा एक टवका उडाला, रामाजीच्या कानाजवळून गेला आणि मागच्या भिंतीत घुसला. ते भोक अजून तसंच होतं. पाहुणा आला की रामाजी त्याला ते दाखवी आणि म्हणे, "माझ्याच नावानं निघालं होतं, पत्ता चुकलं." सगळे हसत. रामाजीची बायको पंचफुला मात्र त्या दिवसापासून रोज दुपारी स्वतः डबा घेऊन यायला लागली. दाराशी एक घमेलं उपडं घालून ती बसे, तोंड प्रेसकडे करून. नवरा जेवे, ती जेवत नसे. त्यानं पुन्हा काम सुरू केलं की पहिले काही ठोके ती पाही, सवतीकडे पाहावं तशी, आणि मग उठे. डबा विसळायला नळावर गेली तरी आडवी उभी राही, प्रेसला पाठ म्हणून देत नसे. एक दिवस तिनं मोतीरामला गाठलं. "भाऊजी, मी यायले घरी नेऊन राह्यली. कापूस वेचू, पण डोकं धडावर राहील." मोतीरामनं रामाजीकडे पाहिलं होतं. तो प्रेसच्या खांबावर हात ठेवून उभा होता, मालकीच्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. या माणसाला शेतात नेऊन उभं केलं तर तो पंधरा दिवसांत वाळून जाईल हे मोतीरामला दिसलं. आणि तो बोलून गेला, "वहिनी, एक पेटी येते म्हन्ते. जोर वाढला की डाय फुटायच्या आधी प्रेस थांबवते. थे मी आनतो." "शब्द द्या." "दिला." पंचफुला शब्द घेऊन विसरणाऱ्यांतली नव्हती. तिच्याकडून उसनी नेलेली वाटीसुद्धा कुणी विसरू शकत नसे.

म्हणून त्यानं चंपतरावांचं डोकं खाल्लं, म्हणून पेटी आली. हैदराबादहून एक तरणा इंजिनियर आला, इस्त्रीच्या शर्टात, आणि तेलकट शेडमध्ये शर्ट न मळवता काम करण्याची कसरत करत राहिला. त्यानं दोन्ही खांबांवर बोटाएवढ्या दोन पट्ट्या घट्ट बसवल्या. ठोका पडला की खांब केसभर ताणला जातो, तो ताण या पट्ट्यांना कळतो, आणि त्या पेटीला सांगतात. डाव्या खांबाचा आकडा पेटीवर वेगळा दिसतो, उजव्याचा वेगळा. मोतीरामला ते ऐकून गंमत वाटली होती. एवढे जाड खांब, ज्यांना एका माणसाची मिठी पुरत नाही, ते ताणले जातात! म्हणजे आपण त्यांना उगीचच दगड समजत होतो. त्या रात्री झोपताना त्याला उगाच आपल्या आईचं, रुक्माबाईचं, आठवलं. बापाला शाळेतली नोकरी लागेपर्यंत तिनं दुसऱ्यांच्या शेतात निंदणं केलं, आणि कधी ताणलेली दिसली नाही. तिच्या अंगावर कुणी पट्टी बसवली नव्हती एवढंच. पण सगळ्यात जास्त त्याला आवडलं ते पेटीचं शिकणं. "ये सीखने का बटन है," इंजिनियर म्हणाला होता. "अच्छे पीस निकालो, ये याद रखेगा. फिर ऊपर कितना छोड़ना है, दस, पंद्रह, आपकी मर्जी." म्हणजे बटण दाबायचं, चांगले ठोके मारायचे, पेटी ते मनात ठेवते, आणि पुढचा प्रत्येक ठोका त्यांच्याशी ताडून पाहते. त्यापेक्षा ठरवलेल्या टक्क्यांनी जोर वाढला की लाल. मोतीराम आदिलाबादच्या आयटीआयमध्ये शिकला होता, यंत्रं त्याला ठाऊक होती, पण आधी शाळेत जाणारं यंत्र त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. मग काल मुहूर्त झाला. झेंडूची माळ, उदबत्ती, नारळ, बुंदी, सगळ्यांचा एक फोटो, ज्यात मोतीराम सगळे दात दाखवून हसत होता. पंगत उठली न उठली तोच इंजिनियर बससाठी पळाला. मोतीरामला त्या दिवसातलं सगळं आठवत होतं. म्हणजे, त्याला तसं वाटत होतं.

सकाळपासून त्यानं काय काय केलं नव्हतं! पट्ट्या पुसल्या. वायरी ओढून पाहिल्या. पत्रा बदलला, तेल बदललं. रामाजी पेटीला नमस्कार करून "आत्याबाई, चुकलं माकलं पोटात घाला," म्हणाला, तेही झालं. कुणीतरी म्हणालं, पेटीचं तोंड दक्षिणेला आहे. मोतीराम हसला आणि मग एक क्षण खरंच विचार करू लागला की दक्षिण कुठली. स्वतःचा राग यायला हवा होता, पण त्याला स्वतःची दयाच आली, आणि दया आल्यावर पुन्हा हसू. माणूस अडला की कुठल्या कुठल्या दारांवर जाऊन थाप मारतो. प्रत्येक वेळी आकडा तोच येत होता, हीच तर मोठी अडचण. चूक असती तर आकडे डळमळले असते. आकडे ठाम होते, ठोके ठाम होते, आणि पेटी तितकीच ठामपणे नाही म्हणत होती. सगळेच खरं बोलतायत आणि तरी भांडण आहे, अशी घरं त्यानं पाहिली होती.

दुपारी पंचफुला आली. उपडं घमेलं, प्रेसकडे तोंड. प्रेस बंद पाहून तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण तिनं डबा उघडता उघडता विचारलं, "हे थांबते थे बरं का वाईट, भाऊजी?" "थांबाले नाई पाह्यजे तवा थांबते," मोतीराम म्हणाला. "म्हंजे थांबाले पाह्यजे तवा चालंल का?" तिनं असं विचारलं की डब्याकडे गेलेला रामाजीचा हातही थांबला. तिनं त्याच्यापुढे भाकर आणि अंबाडीची भाजी ठेवली. त्यानं घास घेतला. भाजी आंबट, तिखट, आणि मीठ बरोबर. त्याला भूक लागली होती हे त्याला तेव्हाच कळलं. "मीठ झालं का?" पंचफुला सहज म्हणाली. रोजच विचारायची. तिच्या घरात मीठ नेहमी बरोबरच असायचं, पण विचारल्याशिवाय तिचं जेवण पुरं होत नसे. "बराबर हाये," तो म्हणाला, आणि त्या 'बरोबर'वर त्याची जीभ अडकली. बरोबर म्हणजे कशाच्या बरोबर?

लहानपणी तो एका पावसाळ्यात इंद्रवेल्लीला मावशीकडे राहिला होता. मावशीच्या नवऱ्याला मीठ वर्ज्य, आणि दोन चुली कोण पेटवणार, म्हणून सगळं घर आळणी जेवायचं. पहिले काही दिवस मोतीराम पानावर रडला. मग सवय झाली. मग सवय झाल्याचंही विसरला. मागच्या दाराशी दोडक्याचा वेल, त्याच्या पिवळ्या फुलांवर भुंगे, ओल्या सरपणाचा धूर, आणि ते आळणी वरण, जे त्याला गोड लागायला लागलं होतं. पोळ्याला तो घरी परतला. आईनं त्याच्यासाठी खास वरण केलं, तूप घातलं, शेजारी बसली. त्यानं एक घास घेतला आणि भोकाड पसरलं, "खारट! खारट केलं!" रुक्माबाईनं चाखलं, बापानं चाखलं, शेजारच्या म्हातारीला बोलावून चाखवलं. सगळे म्हणाले बरोबर आहे. तो म्हणाला खारट आहे. बापाला वाटलं पोरगं माजलं, म्हातारीला वाटलं बाहेरचं काही लागलं, आणि आई तेवढी हसायला लागली. "त्याचं खोटं नाई," ती म्हणाली, "त्याची जीभ तिकडंच राह्यली." तिचं ते हसणं, पदर तोंडावर घेऊन, खांदे हलवत, त्याला आता भाकरीच्या घासाबरोबर इतकं जवळ ऐकू आलं की त्यानं मान वर केली. समोर प्रेस होती. लाल दिवा होता. पेटी त्याच्याकडे पाहत होती. खारट केलं, खारट केलं, असं पेटी सकाळपासून रडत होती, आणि आपण सगळे आळीपाळीनं वरण चाखत होतो.

मग ही कुठं जेवून आली? ही जिभेला काय लावून बसली? मुहूर्ताचा दिवस त्याच्यासमोर पुन्हा उलगडला, आणि या वेळी त्यात एक रंग होता जो त्यानं मघाशी पाहिला नव्हता. लालसर, उन्हात चमकणारा. चंपतरावांच्या आई रेणुकाबाई. खुर्चीत बसून त्यांनी काठी आपटली होती. त्यांच्या घराण्यात नव्या यंत्रातून पहिलं काही निघतं ते तांब्याचं. कडबा कापायची मशीन आली तेव्हा तीत म्हणे तांब्याची तार कापली होती. लोखंडानं सुरुवात करायची नाही, लोखंड नुसतं घेतं, तांबं देतं. म्हणून आदल्या दिवशी आदिलाबादच्या बाजारातून तांब्याचा पत्रा आणला होता, आणि त्याची पाच घमेली काढली होती, एक देवाला, एक विहिरीला, एक गोठ्याला, एक लेकीच्या घरी आणि एक ज्यानं यंत्र बसवलं त्याला. इंजिनियर ते घमेलं काखेत मारूनच बसकडे पळाला होता. आणि त्याआधी, नारळ फुटताना, सगळे टाळ्या वाजवत असताना, रामाजी "दाबा साहेब, दाबा" म्हणत असताना, इंजिनियरनं शिकायचं बटण दाबलं होतं. पाच ठोके. मऊ, पातळ तांबं. पेटीच्या आयुष्यातलं पहिलं जेवण. तिनं ते बरोबर म्हणून मनात धरलं होतं, आणि आपण तिला सकाळपासून पोलाद वाढत होतो.

मोतीराम हसायला लागला. घास तोंडात, डोळ्यांत पाणी, आणि खांदे हलतायत. हे आईचं हसणं आहे हे त्याला कळलं, आणि आतून इतकं बरं वाटलं की त्यानं ते थांबवलं नाही. "काय झालं बा?" रामाजी घाबरला. "आत्याबाई तांबं जेवून बसल्या," मोतीराम म्हणाला. "आपुन त्यायले पोलाद वाढून राह्यलो." रामाजीला क्षणभर काही कळलं नाही. मग त्यानं कपाळावर हात मारला. आणि पंचफुला, जिला प्रेस, पेटी, आकडे यातलं काही कळण्याची गरज वाटत नसे, ती म्हणाली, "मंग पुन्हा जेवाले घाला की." तिला ती सगळ्यात सोपी गोष्ट वाटली. तशी ती होतीच.

त्यांनी पेटीला पुन्हा जेवायला घातलं. रामाजीनं पत्रे निवडले, ओरखडा नसलेले. डाय कापडानं पुसली, नवी नवरी दारात येणार असल्यासारखी. मोतीरामनं शिकायचं बटण दाबलं. ठोका पडला, पुन्हा पडला. दर वेळी मोतीराम घमेलं उचलून कडेवरून बोट फिरवी. पेटी गप्प शिकत होती. शेवटी हिरवा दिवा लागला आणि पेटीनं विचारलं, वर किती सोडायचं? आपकी मर्जी. हे शब्द आठवले आणि मोतीराम अडला. यंत्राचं सगळं पक्कं असतं, शेवटी एक जागा माणसाच्या मर्जीवर सोडलेली असते, आणि तिथंच नेमकी त्याला मर्जी सापडत नसे. कुणी विचारलं चहा अर्धा की पूर्ण, तर तो म्हणे, तुमी म्हनान तसा. चंपतराव मागे येऊन उभे होते. तांब्याची हकीकत त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि आपल्या आईला कुणी काही म्हणू नये म्हणून ते जरा जास्तच गंभीर झाले होते. "पंधरा ठेव," ते म्हणाले. "नाई तर वीस. घडीघडी थांबून काम कसं होईल?" मोतीरामचं बोट बटणावर होतं. पंधरा म्हटलं की वाद मिटत होता. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला दाराशी उपडं घमेलं दिसत होतं आणि त्यावर बसलेली पंचफुला, डबा केव्हाच विसळून झालेला, तरी न उठलेली. भिंतीतलं भोक दिसत होतं. "दहा," तो म्हणाला. स्वतःच्याच आवाजाचं त्याला नवल वाटलं. "दहाच. मीठ जरा कमीच असू द्या, मालक." चंपतरावांना मीठ कुठून आलं ते कळलं नाही. पण ते एवढंच म्हणाले, "संध्याकाळ लांब नाई." मोतीरामनं दहावर बटण दाबलं.

आणि प्रेस चालली. ठोका, हिरवा. ठोका, हिरवा. घमेली बाजूला साचू लागली, एकात एक बसणारी, अजून कोमट. रामाजी गाणं गुणगुणायला लागला, जे तो काम जमलं की गुणगुणे आणि ज्याचे शब्द त्याचे त्यालाही येत नसत. मोतीरामला हलकं वाटत होतं. त्याला वाटलं, आपलीही जीभ कुठं कुठं राहिली असेल. कुठल्या पाच ठोक्यांवरून आपण ठरवलं असेल की आपल्याला मर्जी नाही? शाळेत पहिल्या दिवशी गुरुजींनी विचारलं होतं, कुठं बसतो, आणि तो म्हणाला होता, सांगाल तिथं. तेव्हापासून तो सांगाल तिथंच बसत होता. पण पेटी पुन्हा शिकली. बटण होतं म्हणून शिकली, हे खरं. तरी शिकली.

मग लाल. वरचा ठोकळा वरच्या वर. चिमण्या. ट्रक. कुणी हसलं नाही या वेळी. रामाजीसुद्धा "रुसल्या" म्हणाला नाही, त्याला मोतीरामकडे पाहवेना. चंपतराव कॅबिनमधून आले ते हात पुढे करूनच. "दे किल्ली." मोतीरामनं किल्ली दिली नाही. तो पेटीसमोर उभा राहिला. सकाळपासून पाहिलेला लाल तो हाच, पण यात काहीतरी वेगळं होतं. मघाशी दोन्ही आकडे चढलेले असत, डावाही आणि उजवाही, सारखे. आता उजवा जागच्या जागी होता. डावा एकटाच चढला होता. दहाच्या जरा वर, पंधराच्या बराच खाली. "थांबा, मालक," तो म्हणाला, "हे जेवनाचं रडनं नाई. इथं काही टोचून राह्यलं." त्यानं मेन स्विच बंद केला, वरच्या ठोकळ्याखाली टेकू लावला. "रामाजी, डावीकडे पाह्य." रामाजी वाकला. डाय ज्या बोल्टांनी खाली आवळलेली असते त्यांतल्या डावीकडच्या बोल्टाला त्यानं पाना लावला, मग पाना काढून बाजूला ठेवला, आणि नुसती दोन बोटं लावली. बोल्ट फिरला. दोन बोटांनी, डब्याचं झाकण फिरावं तसा. डाय त्या अंगाला नखभर सरकली होती. रामाजी तसाच वाकलेला राहिला. "मागच्या साली," तो हळू म्हणाला, "हेच झालं होतं. असंच सुरू झालं असंल." चंपतरावांनी पुढे केलेला हात मागे घेतला. तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो पेटीवर ठेवला. "दहाच राहू दे," ते म्हणाले, आणि कॅबिनकडे वळता वळता पुन्हा म्हणाले, "दहाच."

रामाजीनं डाय जागेवर आणली, सगळे बोल्ट आवळले, प्रत्येकाला दोन दोनदा पाना लावला. हे सगळं पंचफुलानं बसल्या जागेवरून पाहिलं होतं. दोन बोटांनी फिरलेला बोल्ट पाहिला, भिंतीतलं भोक पाहिलं, पेटी पाहिली. मोतीरामनं टेकू काढला, मेन स्विच सुरू केला, किल्ली तपासली, आणि रामाजीला मान हलवून खूण केली. पंचफुला उठली. आता ही निघाली, असं मोतीरामला वाटलं. तिनं उपडं घमेलं उचललं, फिरवलं, रस्त्याकडे तोंड केलं, आणि प्रेसला पाठ देऊन पुन्हा त्यावर बसली. फडक्यातून तिनं उरलेली अर्धी भाकर काढली. आत ठोका पडला, हिरवा. पुन्हा पडला. तिनं वळून पाहिलं नाही. ती जेवत होती.